हौसेला उरलेले सेल

"अर्धे वापरलेले सेल आहेत का?" असं मी विचारलं, तेव्हा खडकी बाजारातल्या त्या दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे नीट बघितलं. आमचा जुना टेपरेकॉर्डर त्याच्यासमोर पोट उघडून पडला होता. नवा पट्टा त्यानेच घातला होता, हेड स्पिरिटने पुसलं होतं, चाकं फिरत होती. आता चार मोठे सेल घातले की झालं, म्हणून त्याने खोक्यातून चार कोरे सेल काढून काउंटरवर मांडलेसुद्धा होते. स्वस्तातलेच, निळ्या कागदाचे. मी म्हटलं, हे नकोत. वापरलेले हवेत. संपत आलेले, पण संपलेले नाहीत असे.

"ताई, तुम्ही अर्धा खाल्लेला वडा मागताय," तो म्हणाला. "तो कोण विकणार आणि कोण विकत घेणार?"

मी घेणार, म्हटलं. गिऱ्हाईक वेडं आहे असं एकदा ठरलं की पुण्यातला दुकानदार अचानक सौजन्याने वागायला लागतो. त्याने टेप वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी बांधली आणि पुढच्या वेळी आधी फोन करा, कचऱ्यातले बाजूला काढून ठेवतो, असं अगदी गंभीरपणे सांगितलं.

टेप काखेत मारून बाहेर पडले. रिक्षा करायची सोडून पाय बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टर्सकडे वळले. बाबा निवृत्त झाले आणि आम्ही ती जागा सोडली, त्यालाही वीस-बावीस वर्षं झाली. चिंचा तशाच आहेत. रस्ता मात्र दरवर्षी वर चढत गेलाय आणि घरं खाली बसल्यासारखी दिसतात. आमच्या घराच्या मागच्या खिडकीला दगडी कठडा होता, हात-सव्वा हात रुंद. तो अजून आहे. त्यावर कुणीतरी सरबताच्या बाटलीत मनीप्लांट लावलाय. मी बघत उभी राहिले तर आतल्या बाईने कोण पाहिजे म्हणून विचारलं. कुणी नाही, म्हटलं आणि पुढे चालायला लागले.

त्या कठड्यावर आमच्या घरचे सेल उन्हाला बसायचे.

उन्हाळ्यात एका बाजूला ताटात सांडगी मिरच्या आणि दुसऱ्या बाजूला ओळीने सेल, पेन्शनरांनी बाकावर बसावं तसे. दुपारी दोनच्या सुमाराला हात लावला तर चटका बसायचा. सेल तापला की त्याच्या कागदाला एक वास सुटायचा, डिंकाचा आणि डांबराचा मिळून, आणि त्यात शेजारच्या मिरच्यांचा ताक-हिंगाचा वास मिसळायचा. आजही कुठे सांडगी मिरची तळली की माझ्या नाकाला त्या वासाचा दुसरा अर्धा भाग कमी पडतो. उन्हात ठेवले की सेल आणखी चार दिवस ओढतात, असं बाबांचं म्हणणं. शेजारीपाजारीही ठेवायचे. पण आमच्याकडे त्याचा कायदाच होता.

बाबा कारखान्यात इलेक्ट्रिशियन. दारूगोळ्याचा कारखाना, त्यामुळे शिस्त अंगात मुरलेली, आणि काटकसर त्याहून खोल. सेल आणायचे ते स्वस्तातले, बाजारातल्या फुटपाथवरून. आणि त्यांनी कुठून कुठे जायचं हे ठरलेलं. कोरा सेल आधी टॉर्चमध्ये, कारण टॉर्च ही गरज. बाबांची पहाटेची पाळी असायची, आणि वीज जायची ती जायचीच. टॉर्चचा उजेड पिवळा पडला की ते सेल रेडिओत. रेडिओ म्हणजे बातम्या, म्हणजे अर्धी गरज. रेडिओ खरखरायला लागला की मग टेपमध्ये. टेप मामाने दिलेला, तो हौसेचा. हौसेला जे उरेल ते. टेपही ओढेनासा झाला की सेल उन्हात, उन्हातून उठले की परत टेपमध्ये.

"लोकांकडे हौसेला मोल नसतं, आपल्याकडे हौसेला सेल नसतो," असं आई म्हणायची. बाबांच्या समोर म्हणायची, आणि बाबा वर्तमानपत्र जरा वर धरायचे.

सगळ्या नोकऱ्या करून सेल अगदी मेला की तो आमच्या ताब्यात यायचा. दगडाने ठेचला की आतून काळी भुकटी आणि मधली काळी कांडी निघायची. त्या कांडीने आम्ही अंगणातल्या फरशीवर चौकोन आखून लंगडी घालायचो. खडूपेक्षा ती रेघ टिकायची. हात कोपरापर्यंत काळे, फ्रॉक काळा, आणि आई कपड्याच्या साबणाने घासघासून हात धुवायची, मी ओरडले तरी. पावसाळ्यात सेल पाझरायचे. टॉर्चच्या मागचं झाकण उघडलं की स्प्रिंगवर हिरवं चढलेलं आणि एक आंबट गंजका वास. तो बोटांना दिवसभर राहायचा, पोळी खातानासुद्धा.

फक्त गणपतीत कायदा बदलायचा. पाच दिवस देवामागे बाबांनी केलेलं एक चक्र असायचं, टॉर्चच्या छोट्या बल्बांचं, आणि त्याला सेल अगदी कोरे. केवडा, कापूर, आणि त्या बल्बांवरचा जिलेटिनचा तापलेला लाल कागद. विसर्जन झालं की ते सेल टॉर्चमध्ये जायचे. आई त्यांना प्रसादाचे सेल म्हणायची.

आई म्हटलं की मला काय काय आठवतं, सांगू? तिच्या पदराचा हिंगाचा वास. ओल्या केसांना गुंडाळलेला पंचा. कणीक मळताना वर सरकवलेल्या बांगड्या. चिडली की ती खालचा ओठ आत घ्यायची. हे सगळं आत्ता समोर उभं राहतं. आणि आवाज नाही. ती काय बोलायची ते आठवतं, कसं बोलायची ते नाही. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं कुणालाही सांगितली नव्हती. आईचा आवाज विसरलेल्या मुलीला लोक काय म्हणतील?

त्या वर्षी बाबांना चार महिन्यांसाठी जबलपूरला पाठवलं होतं. आईला पत्र लिहायचा कंटाळा. माझं अक्षर म्हणजे मुंगळ्यांची वरात, म्हणायची. बाबांच्या खात्यातले एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी तिकडे निघाले होते, तर त्यांच्याबरोबर कॅसेट पाठवू, असं तिच्या मनात आलं. दुपारची वेळ. मी दहा वर्षांची, धाकटी शुभा दीड वर्षाची. शेल्फावर सेलवरचं नवं घड्याळ भिंतीला टेकून ठेवलेलं होतं, त्याच्या शेजारी आईने टेप ठेवला. लाल आणि काळं अशी दोन बटणं एकदम दाबायचं काम माझं.

टेपमधले सेल अर्थातच उतरलेले. खणात टॉर्चसाठी आणलेले कोरे सेल होते, पुडकंही न फोडलेले. मी म्हटलं, ते घाल ना.

"ते टॉर्चचे आहेत," आई म्हणाली.

बाबा दीड दिवसाच्या अंतरावर होते, बघणारं कुणी नव्हतं. तरी तिने ते पुडकं फोडलं नाही. कठड्यावरचे सेल आणले, पदराला पुसले, घातले आणि बोलायला लागली. मध्येच सेल संपतील म्हणून भरभर बोलली. मला ते आठवतं, ती अशी घाईने, टेपकडे वाकून बोलत होती आणि शुभा जमिनीवर बसून वाटी आपटत होती.

संध्याकाळी ऐकून बघायला गेलो तर चाकं हलेनात. आई म्हणाली, रविवारी कोरे सेल मागून घेते कुणाकडून तरी आणि पुन्हा नीट बोलते, असलं मरतुकडं काय पाठवायचं. ते गृहस्थ कॅसेट न घेताच गेले. रविवारी दुसरी कामं निघाली. मग बाबाच परत आले. आणि थंडी पडायच्या आत आई गेली. कशाने, कशी, ते इथे नको.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी बाबांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी त्याआधी कधी केली नव्हती. दुकानात जाऊन भारीतले सेल आणले, चार. सरळ टेपमध्ये घातले. मला जवळ बसवलं, शुभाला मांडीवर घेतलं आणि कॅसेट लावली. टेपमधून एक चिमणी बोलायला लागली. चिरचिर, चिरचिर, एक शब्द धड लागत नव्हता. बाबा इलेक्ट्रिशियन, त्यांना काय झालंय ते पहिल्या क्षणाला कळलं असणार. उतरलेल्या सेलवर टेप हळू फिरतो. हळू फिरताना भरलेलं बोलणं, नीट फिरणाऱ्या टेपवर धावत सुटतं. आणि त्यात ती बिचारी मुळातच घाईने बोललेली. बाबा पाठ ताठ ठेवून शेवटपर्यंत ऐकत बसले. मग कॅसेट काढली, रुमालाने पुसली आणि कपाटात शर्टांच्या खाली ठेवली. ते भारी सेल टेपमध्येच राहिले. त्यांची कुठे बदली झाली नाही. दोन पावसाळ्यांनी ते तिथेच पाझरले.

मी एकदा म्हटलं होतं, बाबा, जुने सेल घालून ऐकू या ना. ते नको म्हणाले. मी परत विचारलं नाही. आमच्या घरात नको म्हणजे नकोच असायचं.

शुभाची गोष्ट मात्र अजून सांगायची आहे. ती सात वर्षांची असताना एका दुपारी तिला शर्टांच्या खाली ती कॅसेट सापडली, आणि तिने खणातले टॉर्चचे कोरे सेल टेपमध्ये घातले. मी शाळेतून आले तर ही टेपसमोर लोळण घेऊन हसतेय. पोट धरून. चिमणीच्या आवाजात कुणीतरी भराभरा बोलतंय, सात वर्षांचं पोर हसणार नाही तर काय करणार? तेवढ्यात बाबा पाळीवरून आले. दारातच थांबले. मग आत येऊन त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच मारलं त्यांनी आम्हा दोघींपैकी कुणाला तरी, ते तेव्हा.

शुभा रडली नाही. गालाला हात लावून तिने मला विचारलं, "ताई, कोण आहे ही?"

मी सांगितलं. त्यानंतर चौतीस वर्षांत तिने आईबद्दल बाबांना एक अक्षर विचारलं नाही. बाकी दोघांचं उत्तम. ती वारज्याला असते, आठवड्याला येते, बाबांची औषधं बघते, त्यांच्याशी भांडते, त्यांच्या कानाच्या मशीनचे सेल आणते. पण आईचा विषय निघाला की उठून गॅस बारीक करायला जाते. गॅस चालू नसला तरी.

बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि माझ्याकडे धनकवडीला असतात. गेल्या वर्षी शुभाच्या मुलीने, सईने, ती कॅसेट कुठल्याशा दुकानातून आपल्या फोनवर भरून आणली. म्हणाली, मावशी, इट्स सो सिंपल, आपण स्पीड कमी करू. आणि खरंच केला. बोटाने ती एक रेघ मागे मागे ओढत गेली आणि चिमणीची बाई झाली.

"कुठे थांबू?" सईने विचारलं.

मला सांगता येईना. एका जागी आवाज आत्यासारखा वाटायचा, जरा मागे घेतला की रेडिओवरच्या निवेदिकेसारखा, आणखी मागे घेतला तर कुणा दमलेल्या म्हातारीसारखा. आई ऐन पस्तिशीत गेली. यातली ती कोणती? सई पुन्हा पुन्हा विचारत होती, हा का, की हा? मी म्हटलं, राहू दे गं, नंतर बघू. शुभा स्वयंपाकघरात होती. ती बाहेर आली नाही, पण आत भांड्यांचा आवाजही येत नव्हता.

त्या दिवशी बाबांनी मला जवळ बोलावलं. फोनवरचं त्यांना फारसं ऐकू आलं नसावं, पण माझा चेहरा दिसला होता. म्हणाले, तू दहा वर्षांची होतीस, तिचा आवाज तुझ्या लक्षात कसा राहणार? आणि शुभाला तर तो कधी मिळालाच नाही. मी गेलो की तो आवाज ओळखणारं माणूसच संपलं. मग सई फोनवर कितीही ओढू दे, शुभाला आपली आई कोणती ते कळायचं नाही.

एवढं सरळ ते कधी बोलत नाहीत. मी म्हटलं, मग तुम्हीच फोनवर ऐकून सांगा. तर म्हणाले, फोनवर जमणार नाही. ती बोलत होती तेव्हा सेल उतरत चालले होते. एका जागी बरोबर बसवलं तर पुढे चुकेल. सेल उतरत असतानाच ऐकायला हवं. आणि शेजारी घड्याळ होतं, त्याची टिकटिक भरली गेली असणार. टेपमधली टिकटिक आणि हातातल्या घड्याळाचा सेकंद जुळला की बोलणं बरोबर. थांबून म्हणाले, "टेपची मोटर सगळ्यात जास्त ओढते. द्यायचे तर तिला द्यायला हवे होते कोरे सेल. मी इलेक्ट्रिशियन होतो."

मी त्यांचा हात धरून बसले.

म्हणून माळ्यावरून टेप निघाला, म्हणून खडकी, म्हणून तो अर्धा खाल्लेला वडा. मोठे सेल हल्ली घरात कुठे असतात? टॉर्च फोनमध्ये गेला, रेडिओही फोनमध्ये गेला. शेवटी बाबांनाच सुचलं. गॅस गीझर. आंघोळीच्या गीझरच्या ठिणगीला दोन मोठे सेल लागतात, आणि आमच्या सोसायटीत दर दोन घरांत एक गॅस गीझर आहे. मी दारोदार फिरले. तुमच्या गीझरचे जुने सेल द्या, त्याबदल्यात कोरे घ्या. लोकांनी दिले, पण संशयाने. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर विचारलं, "यात काही योजना वगैरे आहे का हो? आम्हाला कळवलं नाही कुणी."

असे बारा सेल जमले. सगळे स्वस्तातले, म्हणजे पूर्वीसारखेच उतरणारे, देवाची कृपा. बाबांनी कारखान्यातली कापडी पिशवी मागितली, त्यातून आपला मीटर काढला आणि प्रत्येक सेल तपासायला बसले. हात थरथरतो, पण मीटरच्या टोकाला थरथर पोचत नाही. हा फार ताजा, हा गेलेला, हा बरा. दोन दिवस हेच. गॅलरीच्या कठड्यावर सेलची ओळ लागली आणि त्यावर ऊन आलं. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच थबकले. चहा गार झाला. सारख्या दमाचे चार निवडून त्यांनी रबरबँड लावला आणि शुभाला स्वतः फोन केला. रविवारी ये, म्हणाले. आईचं ऐकायचंय.

ती आली. नेहमी येते तशी तणतणत आली नाही, ओढणी नीट करत गप्प आली. बाबांनी त्या दिवशी कानाच्या मशीनमध्ये न सांगता कोरे सेल घातले होते. टेप टेबलावर. कॅसेट लावायच्या आधी ते शुभाकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी तुझं काही चुकलं नव्हतं. सेलचं चुकलं होतं."

"मग सेलला मारायचंत," शुभा म्हणाली.

बाबांनी मान हलवली. बरोबर आहे, म्हणाले. शुभाचा ओठ आत गेला होता, खालचा. मी खिडकीकडे बघायला लागले.

बटण मीच दाबलं. आधी चिमणीच आली, पण जरा दमलेली चिमणी. सेल तेवढे उतरलेले होते. मी बाबांचं मनगटी घड्याळ हातात घेऊन कान टेपला लावला. आणि खरंच, बोलण्याच्या मागे, खूप खाली, टिकटिक होती. चाळीस वर्षांपूर्वीचे सेकंद. घड्याळाचा काटा एक पाऊल टाकायचा तेवढ्यात टेपमध्ये जवळजवळ दोन पडायचे. आम्ही कॅसेट शेवटपर्यंत जाऊ दिली, मागे घेतली, परत लावली. सेल उतरत होते. दीड. सव्वा. शब्द लागायला लागले. शुभाला दाढ येतेय. निळा शर्ट उसवला होता तो शिवलाय. वाण्याने या खेपेला तूरडाळ चांगली दिली. शुभा टेबलाची कड धरून बसली होती. आणि मग, हे कसं सांगू, काटा आणि टिकटिक एका पावलावर आली. मी हात वर केला. जुळलं, म्हटलं.

एक बाई बोलत होती. साधी, जराशी घोगरी, घाईत असलेली बाई. तुम्ही सांगितलंत तसे उन्हातले उचलून यात घातलेत, म्हणत होती, चालतील तेवढे चालतील.

शुभाने माझ्याकडे बघितलं. "ताई, हाच का?"

मी चाळीस वर्षं वाट बघितली होती, की कधीतरी तो आवाज येईल आणि माझ्या आत काहीतरी लख्ख पेटेल. काहीच पेटलं नाही. घड्याळ हो म्हणत होतं. मी शपथेवर सांगते, मला ती बाई कोण ते कळलं नाही. आईचा पदर, आईचे केस, आईच्या बांगड्या सगळं माझ्याकडे होतं आणि ही समोर बोलणारी कुणीतरी परकी होती. शुभाशी खोटं बोलावं असं तोंडावर आलं होतं. हो म्हणून टाकावं, बिचारीला तेवढं तरी मिळेल. पण मी नजर घड्याळावरच ठेवली. शुभा माझ्याकडे बघत राहिली आणि टेपमधली बाई बोलत राहिली. मध्येच ती थांबली, वाटी आपटल्याचा आवाज आला, ए शुभे, सोड ती, म्हणाली, आणि पुन्हा टेपकडे वळून जरा मोठ्याने:

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय गं," बाबा म्हणाले. "बोल तू."

त्यांनी मान वर केली नव्हती. मीटरची वायर बोटाला गुंडाळत बसले होते. आपण काही बोललो हे त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. ज्या माणसाला प्रत्येक गोष्ट तीनदा सांगावी लागते, त्याने पहिल्या हाकेला ओ दिली होती. आणि तो सूर! तो मी ओळखला. ताबडतोब ओळखला. घरात आई असताना बाबा असे बोलायचे. वर्तमानपत्राच्या मागून, जरा आळसावून, हसू दाबून. तिच्यानंतर त्या सुरात ते आमच्याशी कधी बोलले नाहीत, आणि असा एक सूर होता हेच मी विसरून गेले होते.

टेपमधली टिकटिक आता मागे पडायला लागली होती. आवाज जड होत चालला होता. शुभाने खुर्ची बाबांच्या जवळ ओढली आणि त्यांच्या दंडाला डोकं टेकून ऐकत बसली. मला तिने परत काही विचारलं नाही.